तिसरी पुकार

नर्स सिंधुबाई आरोग्य उपकेंद्राच्या फरशीवर बसून पार्वतम्माचा दुखरा पाय हातात धरून "हळू, श्वास सोडा" म्हणत होत्या, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. नांदेडच्या व्याह्यांचा, वैजनाथरावांचा होता. पाय सोडावा तर पार्वतम्मा कण्हणार, न सोडावा तर व्याही काय समजणार. लग्न ठरलेल्या पोरीच्या आईला असल्या वेळी जास्त विचार करता येत नाही. त्यांनी पाय अलगद सतरंजीवर टेकवला आणि पदर सावरत व्हरांड्यात आल्या.

ख्रिस्ती घरात लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार दोन्हीकडच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभेत, नवरानवरीची नावं पुकारतात. कुणाची हरकत असेल तर त्यानं तेव्हाच उठून सांगायचं. सिंधुबाईंची प्रियदर्शनी नांदेडला एका दवाखान्यात लॅबमध्ये होती आणि वैजनाथरावांचा सत्यम तिथंच एक्स-रे काढायचा. दोघांचं दोघांनी जमवलं होतं, घरच्यांनी फक्त हो म्हणायचं होतं आणि ते म्हटलंही होतं. उदगीरला आणि नांदेडला दोनदा नावं पुकारून झाली, कुणी हूं की चूं केलं नाही. आता येत्या रविवारी तिसरी पुकार, मग सुटलो, असा सिंधुबाईंचा हिशेब.

वैजनाथराव नांदेडच्या मंडळीतले पुढारी. आधी त्यांनी प्रभूची स्तुती केली, तब्येत विचारली आणि मग म्हणाले, एक फोटो फिरून राहिला, विहीणबाई.

फोटो मागच्या आठवड्यातलाच होता, बाजूनं काढलेला. सिंधुबाई पुढं बसलेल्या, डोळे मिटलेले, छातीशी हात जोडलेले. मागं ओळीनं नऊ बाया तशाच. इतकं असतं तरी निभावलं असतं. पण सिंधुबाईंच्या बरोब्बर समोर भिंतीवर पार्वतम्माच्या किराणा दुकानाचं कॅलेंडर होतं आणि कॅलेंडरवर शंकराची पिंड. त्या कॅलेंडरवर लसीकरणाच्या तारखा लिहिलेल्या असायच्या म्हणून ते तिथं टांगलं होतं. दुकानातून फुकट मिळालेलं, चांगलं मोठ्या आकड्यांचं. पण फोटोला कुठं तारखा दिसतात? फोटोत एवढंच दिसत होतं की मंडळीची एक बाई पिंडीपुढं हात जोडून बसली आहे.

त्यांनी सगळं सांगून पाहिलं. दोन वर्षांपूर्वी वरून हुकूम आला, आठवड्यातून दोनदा उपकेंद्रात योगा घ्या आणि अकराच्या आत ग्रुपवर फोटो टाका. लातूरला चार दिवस शिकवलं. आपण ओंकार घेत नाही, त्याऐवजी एक ते दहा मोजतो. वैजनाथरावांनी मधे न बोलता सगळं ऐकलं. मग ते बोलले ते शांतपणेच बोलले.

"विहीणबाई, मी एकोणीस वर्षांचा असताना प्रभूत आलो. घरच्यांनी बाहेर काढलं, अकरा दिवस बसस्टँडवर झोपलो. आई वारली तेव्हा तिच्या फोटोपुढं हात जोड म्हणाले. मी जोडले न्हाईत, म्हणून मला मयताला थांबू दिलं न्हाई. आता माझ्याच घरात येणाऱ्या सुनेच्या आईला ते चालतं, हे मी मंडळीला कोणत्या तोंडानं सांगू?"

मागणी एकच होती. रविवारी सिंधुबाईंनी नांदेडला यावं, मंडळीपुढं उभं राहून साक्ष द्यावी, पश्चात्ताप करावा. मग तिसरी पुकार होईल. नाही आल्या तर मंडळीतून कुणीतरी हरकत घेणार आणि वैजनाथराव त्याला अडवू शकणार नाहीत.

त्या रात्री जेवण गेलं नाही. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. सल्ला विचारायला घरात भिंती होत्या. सिंधुबाईंना खरा घोर वेगळाच होता. नुसता हुकूम असता तर त्यांनी हात वर केले असते, सरकारी कामाला काय करणार म्हणाल्या असत्या. पण इथंच घोडं पेंड खात होतं. सत्तावीस वर्षं खांद्यावर लसीचा डबा घेऊन शिवारं तुडवल्यानं त्यांची कंबर कामातून गेली होती, ती या योगानं जागेवर आली होती. त्यांना ते आवडायला लागलं होतं. शेवटी सगळ्या बाया डोळे मिटून निपचित पडायच्या, तेव्हा खोलीत जी शांतता पसरायची तिची त्या रोज वाट बघायच्या. हे वैजनाथरावांना सांगितलं नव्हतं. आवडलं म्हणजे पाप झालं का, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

शुक्रवारी ड्युटी संपवून त्या उदगीरच्या आपल्या चर्चच्या पाळकांकडं गेल्या. पाळक म्हातारे, प्रियदर्शनीचा बाप्तिस्मा त्यांच्याच हातचा. सिंधुबाईंनी आडवळण घेतलं नाही. विचारलं, हे पाप हाय का, एवढं सांगा.

पाळकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. काहीजण म्हणतात, प्रत्येक आसन म्हणजे कुणाची तरी पूजाच. काहीजण म्हणतात, हाडं वाकवायला कसली आली पूजा. दोन्हीकडं शास्त्र दाखवणारी शहाणी माणसं आहेत, असं ते म्हणाले.

"बाई, दारू पाप, लबाडी पाप, हे मी छातीठोक सांगतो. गुडघा वाकवणं पाप हाय का, ते मला कुणी शिकवलं न्हाई. तुम्ही डोळे मिटल्यावर कोणाचं नाव घेता?"

"प्रभूचं," सिंधुबाई म्हणाल्या. "बाया पडल्या की एकेकीचं नाव घेऊन मनात प्रार्थना करते. पण पाळकसाहेब, त्या वक्ताला जी शांती वाटते, ती त्याचीच हाय का दुसऱ्या कुणाची, हे कसं कळावं?"

ते तुम्हालाच ठाऊक, असं म्हणून पाळकांनी सिंधुबाईंसाठी प्रार्थना केली आणि चहा घेऊनच जा म्हणाले. गाठ सोडवायला गेलेल्या बाईच्या पदरात गाठ तशीच परत आली. पण घरी जाताना त्यांना थोडा धीर आला होता, हे खोटं नाही. रविवारी जे खरं आहे तेच बोलायचं, हात जोडले ते कुणापुढं हे सांगायचं, आणि मग मंडळीला काय म्हणायचं ते म्हणू दे, असं त्यांनी ठरवलं.

रविवारी पहाटेच्या एसटीनं त्या मुखेडमार्गे निघाल्या. वाटभर वाक्यं जुळवत होत्या. खिडकीची काच खडखडत होती आणि हलणारे ओठ बघून शेजारच्या बाईला वाटलं, ही जपच करतेय. नांदेडच्या स्टँडवर प्रियदर्शनी घ्यायला आली होती. नव्या साडीत पोरगी छान दिसत होती, पण डोळ्यांखाली काळं पडलं होतं. रिक्षात तिनं आईचा हात घट्ट धरला.

"आई, तुला जे खरं वाटतं तेच बोल. म्या तुला लबाड बोल म्हणणार न्हाई. पण..."

रिक्षा पुढं चालली होती आणि सिंधुबाईंच्या कानात तो पण घुमत राहिला.

चर्च म्हणजे दुकानांच्या वरचा एक हॉल. प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात कीबोर्ड, पुढं मोबाइल लावून कुणीतरी उपासना सगळीकडं दाखवत होतं. गाणी झाली, वचन झालं. मग वैजनाथरावांनी सिंधुबाईंचं नाव घेतलं. त्या उठल्या. दीडशे माणसं बघत होती. पाठ केलेलं पहिलं वाक्य जिभेवर होतं. फरशीवर पडलेल्या बाया, त्यांच्या कंबरा, त्यांचे गुडघे, सगळं सांगायचं होतं. त्यांनी एकदा लेकीकडं पाहिलं. प्रियदर्शनी खाली मान घालून बोटं मोडत होती, लहानपणी गणिताचा पेपर हातात पडायच्या आधी मोडायची तशी.

"माझं चुकलं," सिंधुबाई म्हणाल्या. आणि खाली बसल्या.

एवढंच. हॉलमध्ये आमेन उठला. वैजनाथरावांचे डोळे भरून आले, त्यांनी पुढं येऊन दोन्ही हातांनी सिंधुबाईंचा हात धरला, आणि ते ढोंग नव्हतं. त्या माणसाला खरोखर वाटत होतं की एक जीव परत आला. मग तिसरी पुकार झाली. कुणाची हरकत असल्यास, असं विचारून तिथले पाळक जेवढं थांबायचं तेवढं थांबले. कुणी हललं नाही. प्रियदर्शनीनं आईकडं पाहिलं, सुटल्यासारखं हसली आणि लगेच दुसरीकडं बघू लागली. सिंधुबाईंना त्यातलं हसणं पुरे होतं. पुरे असायला हवं होतं.

मंगळवारी त्या उपकेंद्रात पोचल्या तेव्हा नऊ सतरंज्या अंथरून झाल्या होत्या. गावात व्हिडिओ पोचायला टपाल लागत नाही. बायांच्या तोंडावरून दिसतच होतं की सगळ्यांनी पाहिलाय. सिंधुबाईंनी दारातच सांगून टाकलं, आजपासून अंगणवाडीच्या पंचशीलाबाई आकडे मोजतील, मी रजिस्टर भरते. कुणीतरी टोमणा मारेल म्हणून त्या थांबल्या. मारला असता तर बरंच वाटलं असतं.

पार्वतम्मा भिंतीला टेकून गुडघा चोळत होती. तिनंच विचारलं, "लेकीचं झालं न्हवं तिकडं?"

"झालं."

"मग बरं केलं तुमी. लेकीपुढं काय हाय बाईला."

तिच्या गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग होतं, रोजच्यासारखंच, आणि आवाजात राग औषधालाही नव्हता. सिंधुबाईंना तोंड लपवावंसं वाटलं. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि दोन ओळी चुकीच्या रकान्यात लिहिल्या.

पंचशीलाबाईंनी भराभर आकडे मोजले. त्यांना अंगणवाडीत खिचडी चढवायची होती. शेवटी सगळ्या जणी आडव्या झाल्या, डोळे मिटले. पंचशीलाबाई चपला घालून निघूनही गेल्या. तेव्हा पडल्या पडल्याच पार्वतम्मा म्हणाली, "शिष्टर, ते शेवटचं तेवढं तुमीच करा. तेला तर न्हाई म्हनले न्हाईत न्हवं?"

"कोणतं शेवटचं?"

"आमी पडल्यावर नावं घेता ते. माझ्या गुडघ्याचं सांगता, वर्षाराणीच्या पोटातल्या लेकराचं सांगता. ओठ हालतेत तुमचे, पुटपुटलेलं ऐकाया येतं. समद्यांला ठाव हाय."

सिंधुबाई उभ्याच्या उभ्या राहिल्या. दोन वर्षं त्यांनी ही गोष्ट जपून ठेवली होती. या बायांना कळलं तर धर्म बाटवायला आली म्हणतील, उपकेंद्रात पाऊल टाकणार नाहीत, या भीतीनं त्या मनातल्या मनात बोलायच्या.

"मग कधी बोलला कशा न्हाईत?"

"कशाला बोलावं? नावं तर आमचीच व्हती."

पलीकडून वर्षाराणी हूं म्हणाली. सिंधुबाई सतरंज्यांच्या मधे येऊन बसल्या. हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले. प्रभू, ही पार्वतम्मा, एवढं मनात आलं आणि पुढं काही येईना. त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून धरलं. पुन्हा तिथंच अडलं. ज्या तोंडानं परवा सगळ्यांदेखत चुकलं म्हटलं, त्या तोंडानं आता काय मागावं, त्यांना कळेना. त्यांनी डोळे उघडले. नऊ बाया छातीवर पदर ओढून निमूट पडल्या होत्या, वाट बघत.

जरा वेळानं पार्वतम्मानं एक डोळा किलकिला केला, सिंधुबाईंच्या ओठांकडं पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतला. कुणी उठलं नाही.