बोडीकाठची सतरंजी

मी एक जुनी सतरंजी आहे. मित्रांनो, सतरंजी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर लग्नाचा मांडव येत असेल, पाहुण्यांचा गलका येत असेल. माझ्या नशिबी ते आलं नाही. माझ्यावर बसणारी माणसं बरीच वर्षं दोनच, आणि तीही एकदा बसली की तोंड उघडत नसत. तरी सांगते, मी सुखात होते.

नागपुरातल्या एका कोष्ट्याच्या घरी माझा जन्म झाला. नत्थूजींनी हातमाग मोडीत काढण्याआधी उरल्यासुरल्या सुताची मला विणली. मागाच्या खटखटीत हाक ऐकू येत नसे, म्हणून त्या घरात कामाच्या वेळी खुणा चालत. मूठ तोंडाशी नेली की पाणी हवं. बाजूला ठेवलेल्या कापडाचा कोपरा दुमडला की 'आता पुरे, उठू या'. कोणाला उठायचं नसेल तर तो कोपरा सरळ करायचा. नत्थूजींची मुलगी हर्षा बोलण्याआधी या खुणा शिकली. तिची आई रुख्माबाई मात्र खुणांच्या वाटेला कधी गेली नाही. ती मागावरही आवाज चढवून बोलायची.

माग गेला आणि नत्थूजी एका कापडाच्या दुकानात लागले. हर्षाला पुढे सदर भागातल्या एका ऑफिसात नोकरी मिळाली, तीही दिवसभर फोनवर बोलण्याची. दैवाची थट्टा बघा! बापलेक दोघंही जात्याच अबोल, आणि दोघांची भाकरी बोलण्यावर. आठवडाभर परक्यांशी गोड बोलून दोघांचा जीव मेटाकुटीला येई. मग रविवारी मला पिशवीत घालून ते निघत.

काळीपिवळी जीपने लवकर पोचता आलं असतं. पण तिच्यात मांडीला मांडी लावून बसावं लागतं, आणि "पोरीचं जमलं काय जी कुठी?" असं विचारणारा एक तरी भेटतोच. म्हणून ते गावोगाव थांबणारी एसटी धरत आणि एकामागे एक अशा दोन खिडक्या पकडत. कुहीच्या पुढे एका फाट्यावर उतरायचं, धानाच्या बांध्यांमधून धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधावरून चालायचं, की बोडी लागे. बोडी म्हणजे शेतांना पाणी पुरवणारं लहानसं तळं. तिथं ना देऊळ, ना चहाची टपरी, ना फोटो काढायला येणारी मंडळी. मोहाच्या झाडाखाली मला अंथरलं की दोघं बसत. बगळे बघत, चिवडा खात, आणि कोणी कोणाला काही विचारत नसे.

रुख्माबाईला हे कोडं कधी सुटलं नाही.

"तिथं जाऊन करता तरी काय जी तुम्ही?" ती नवऱ्याला विचारायची.

"बसतो," नत्थूजी म्हणायचे.

"बसासाठी एवढ्या दूर? घरी काय खुर्च्या नाही काय? अन् मले काहून नाही नेत?"

नत्थूजी नुसते हसायचे. तिला वाईट वाटतं हे कळत होतं त्यांना, पण ती शांतता त्यांना वाटून घ्यायची नव्हती.

धान कापून झालं होतं तेव्हाची गोष्ट. हर्षाचा तो आठवडा फार वाईट गेला होता. बोडीवर येताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते नत्थूजींनी पाहिलं आणि नेहमीप्रमाणे काही विचारलं नाही. थोडा वेळ गेला. नत्थूजींचा तळहात माझ्यावर टेकलेला होता, तो घामानं भिजला. हवा तर गार होती. बोटांनी मला घट्ट धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. मग त्यांनी माझा कोपरा दुमडला.

हर्षानं तो पाहिला. तिला उठावंसं वाटेना. तिनं हात पुढे करून तो कोपरा सरळ केला.

नत्थूजी हसले आणि बसून राहिले. पोरीला आज निवांतपणा हवाय, हे त्यांना दिसत होतं, आणि एकदा नाही म्हटल्यावर दुसऱ्यांदा मागायची त्यांची रीत नव्हती. मी त्यांच्या अंगाखाली होते, मला सगळं कळत होतं. पण सतरंजीला कुठलं तोंड! ते हळूच आडवे झाले. हर्षाला वाटलं, डोळा लागला. ऊन येऊ नये म्हणून तिनं आपली ओढणी त्यांच्या तोंडावर घातली आणि पुन्हा पाण्याकडे बघत बसली.

एसटीची वेळ झाली तेव्हा तिनं त्यांच्या खांद्याला हात लावला. मग ती जी ओरडली, तसा आवाज तिच्या गळ्यात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. शिंगाडे काढणारा धोंडबा धावत आला. त्याच्या ट्रॅक्टरवर मला अंथरून नत्थूजींना दवाखान्यात नेलं. उपयोग झाला नाही. गर्दीतला एक जण म्हणाला, "जराशे आधी आणाचे होते." तो बिचारा सहज बोलला, पण हर्षा त्या दिवसापासून मिटली ती मिटलीच.

आईला तिनं एवढंच सांगितलं, "झोपेत गेले." मला धुऊन दिवाणात टाकलं. डांबरगोळ्यांच्या वासात मी पडून होते. घरात रुख्माबाई एकटीच बोलायची आणि हर्षा मान हलवायची. एका घरात राहून लेक आपल्याला दुरावली, हे त्या बाईला कळत होतं. का, ते कळत नव्हतं.

शेवटी एका रविवारी तिनंच मला बाहेर काढलं. "चाल वं हर्षा. तुह्या बाबानं मले नेलं नाही, तू तं नेशील?"

दोघी एसटीनं आल्या. मोहाखाली मला अंथरलं. आणि काय सांगू, ती बडबडी बाई माझ्यावर बसली आणि एक अक्षर बोलली नाही. बहुधा त्यामुळेच हर्षाला राहवलं नाही.

"आई, त्यायनं कोपरा दुमडला होता. त्यायले निघाचं होतं. मी सरळ केला वं. मी बाबाले बसवून ठेवलं." ती माझ्यावर पालथी पडून हुंदके देऊ लागली.

 पोरीचं डोकं मांडीवर घेऊन रुख्माबाई पाण्याकडे बघत ओरडली, "तोंड नव्हतं काय जी तुम्हाले? लेकच होती न शेजारी! एक हाक नाही मारता आली?" बगळे उडून गेले. ती किती तरी वेळ मेलेल्या नवऱ्याशी भांडत होती आणि रडत होती.

मित्रांनो, मी विरले आहे. मला उन्हात घाला, कसरीपासून जपा, एवढं मागायचा माझा हक्क आहे. पण माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरातही एखादं कमी बोलणारं माणूस असेल. त्याची शांतता जरूर जपा, पण ते बरं आहे ना, हे विचारून घ्या. एकदा नव्हे, दोनदा विचारा.

मायलेकी आता मला घेऊन अधूनमधून बोडीवर येतात. हर्षाचं बोलणं अजून बेताचंच आहे. पण बसल्यावर थोड्या थोड्या वेळानं ती आईचा हात हातात घेते आणि विचारते, "बरं वाटून राहिलं न वं तुले?"

"हो वं माय, किती विचारशील!" रुख्माबाई करवादते.

नत्थूजींना असं करवादायला मिळालंच नाही.