करवतीच्या मागची जागा

शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनी धावत आल्या तेव्हा मिस्त्री मागच्या खोलीत गुडघे टेकून बसले होते. खडूचा उरलासुरला तुकडा चिमटीत धरून ते फरशीवर रेघ ओढत होते. वहिनींच्या गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती, हातात कुणाची तरी अर्धी शिवलेली बाही होती.

"मिस्त्री, उठा. चला लवकर," त्या म्हणाल्या. "ताई दुकानात उभ्या उभ्या कोसळल्या. लोकांनी दवाखान्यात नेलं. पण काही उरलं नाही हो. गेल्या त्या."

मिस्त्रींनी वर पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, जरा बाजूने या. करवतीवर पाय पडतोय तुमचा."

वहिनींनी दचकून पाय उचलला. खाली पाहिलं तर करवत कुठली? फरशीवर एक चौकोनी पुठ्ठा पडला होता.

पुढे वहिनींनी ही गोष्ट बऱ्याच जणांना सांगितली. त्यात वाईट हेतू नव्हता. माणसाच्या तोंडून अशा वेळी काय निघेल याचा नेम नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. मिस्त्रींना मात्र आपण काय बोललो ते आठवतच नव्हतं. त्यांना आठवत होती ती फक्त बाही. गडद निळी, एका बाजूने कच्चे टाके घातलेली.

पुठ्ठ्यांची कल्पना त्यांच्या बायकोची, म्हणजे वहिनींच्या ताईंची. भाड्याचा कारखाना सोडून घरच्या मागच्या खोलीत काम सुरू करायचं ठरलं, तेव्हा मिस्त्रींनी आधी डोक्याला हात लावला होता. एवढीशी खोली, त्यात करवतीचं यंत्र, रंधा मारायचं यंत्र, ड्रिल, लाकूड ठेवायची घडवंची, कामाचं टेबल, पॉलिशचा कोपरा. मावायचं कसं?

"नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली होती. "खोली लहान नाही, अहो. तुमचा पसारा मोठा आहे."

"मग तू मांडून दाखव."

"दाखवते की. स्वयंपाकघरात मी जागची न हलता चिरते, धुते, फोडणी देते. तुम्ही साधं पाणी प्यायला आलात तरी चार डबे पाडता. ज्याला पाऊल वाचवायचं कळतं, त्यालाच मांडणी कळते."

तिने खोकी फाडली, प्रत्येक यंत्राच्या मापाचा पुठ्ठा कापला आणि फरशीवर मांडला. पटलं नाही की ती पायाने सरकवायची. यंत्र सरकवायचं तर चार माणसं लागतात, पुठ्ठ्याला अंगठा पुरतो. लाकूड दारातून आत यावं, कापलं जावं, रंधून निघावं, जोडलं जावं आणि वस्तू होऊन बाहेर पडावं. मधे कुठे मागे फिरू नये. हा तिचा नियम. मांडणी पक्की झाली की मिस्त्रींनी पुठ्ठ्याभोवती खडूने रेघ मारायची. शेवटच्या पुठ्ठ्यापाशी खडू संपत आला, म्हणून ती खडू आणायला दुकानात गेली होती.

भेटायला माणसं आली, ती पुढच्या खोलीत मावेनात. तिथे कारखान्यातून आणलेली यंत्रं चादरी पांघरून उभी होती. कुणीतरी मागच्या खोलीत सतरंजी अंथरायला म्हणून पुठ्ठे गोळा करायला वाकलं आणि मिस्त्री असे काही ओरडले की रडणारेही गप्प झाले. मग माणसं पुठ्ठ्यांना वळसा घालून, भिंतीला पाठ लावून, अंग चोरून बसली. मिस्त्री स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन फिरत होते, तेही पुठ्ठ्यांच्या कडेकडेने. कोपर लागेल म्हणून हात आत घेत होते. लागणार कशाला? गुडघ्याएवढंही तिथे काही उभं नव्हतं. पण त्या दिवसांत त्यांना पुठ्ठे दिसत नव्हते, यंत्रंच दिसत होती. आणि बायको खडू आणायला गेलेली होती.

परगावाहून आलेली त्यांची मुलगी काही दिवस राहिली, सगळं आवरलं, आणि निघायच्या आदल्या सकाळी तिने मनातलं बोलून टाकलं.

"बाबा, तुम्ही माझ्याकडे चला. यंत्रं मामा घेऊन जाईल."

"मी तिथे येऊन काय करू?"

"आराम करा. आयुष्यभर राबलात."

"आराम करून मी आठवडाभर टिकेन," मिस्त्री म्हणाले. "हात रिकामे राहिले की मी संपलो, पोरी. हे तुला ठाऊक आहे."

तिला ठाऊक होतं. म्हणून तिने आरामाचा विषय सोडला. मग म्हणाली, "एकटा माणूस करवतीवर काम करणार आणि मी तिकडे झोपणार, हे मला जमायचं नाही. मामाला बोलावते. तो सांगेल, एकट्याला इथे काम करता येईल की नाही. तो नाही म्हणाला तर यंत्रं जातील आणि तुम्ही माझ्याकडे याल. आहे कबूल?"

मिस्त्रींनी मान हलवली. मांडणी तयारच होती. त्यात खोट निघेल असं त्यांना वाटलंच नाही.

मामा म्हणजे मिस्त्रींचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. तोही सुतारच, पण मोठ्या कारखान्याचा मालक. पोट सुटलेला, जिभेला हाड नसलेला. भाऊजींची फिरकी घेतल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. बहीण गेल्यापासून मात्र तो नुसता घसा खाकरत होता.

मुलगी गेल्यावर दुसऱ्या दिवशी तो सकाळीच आला, दारात चपला काढल्या आणि मागच्या खोलीत डोकावला.

"भाऊजी, आधीच सांगतो. यंत्रं माझ्याकडे आली तर माझं काही वाईट होणार नाही. तुमचं रंध्याचं यंत्र माझ्या डोळ्यांत आधीपासून आहे."

"डोळ्यांतच ठेव."

"बरं, तुम्ही एकट्याने करून दाखवा. मी हात लावणार नाही. भिंतीला टेकून उभा राहतो, आंधळ्या पंचासारखा."

"आंधळा कशाला? तसाही तुला काय दिसतं?"

मेव्हणा हसला. गेल्या कित्येक दिवसांत त्या घरात कुणी पहिल्यांदा हसलं असेल.

यंत्रं अजून पुढच्या खोलीत होती. म्हणून मिस्त्रींनी करवतीच्या पुठ्ठ्यावर दोन स्टुलं ठेवली, करवतीएवढ्या उंचीची. मग दाराशी घडवंचीच्या पुठ्ठ्यावर उभी केलेली खरी फळी उचलली. चांगली लांब, जड, सागाची. उजवीकडे वळले, एका पावलात स्टुलांशी पोचले.

"वा," मेव्हणा म्हणाला. "इथवर ताईला पैकीच्या पैकी."

मिस्त्रींनी फळी स्टुलांवर ठेवली. डावा हात बाजूने दाबायला, उजवा मागून ढकलायला. नजर पात्याच्या जागेवर. पातं नव्हतं, पण नजर तिथेच गेली, कारण करवतीवर उभ्या माणसाने दुसरीकडे बघायचंच नसतं. फळी पुढे सरकू लागली. अर्धी गेली. अर्ध्याहून जास्त गेली. दुसऱ्या बाजूने ती झुकायला लागली, तशी मिस्त्रींनी सवयीने हाक मारली.

"धर गं."

आणि हात सोडले.

फळी क्षणभर तोलावर राहिली. मग स्टूल कलंडलं आणि फळी पलीकडे फरशीवर आदळली. आवाज एवढा झाला की शेजारचं शिवणयंत्र थांबलं.

मिस्त्री तसेच उभे होते, हात हवेत. ते पलीकडच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. करवतीच्या मागे, भिंतीपर्यंत, एक माणूस उभा राहील एवढी जागा मोकळी होती. तिथे पुठ्ठा नव्हता, खडूची रेघ नव्हती, काहीच नव्हतं.

"कुठे आहे ती?" त्यांनी विचारलं.

मेव्हणा भिंत सोडून पुढे आला होता, दोन्ही हात समोर धरून, कुणी काही झेलायला धावावं तसा.

"मला वाटलं आली," तो म्हणाला. "तुम्ही हाक मारली ना, मला वाटलं आलीच."

दोघं खाली बसले. फळी दोघांच्या मधे पडली होती. तिच्या टोकाचा टवका उडाला होता.

तेव्हा कुठे मिस्त्रींना कळलं की ती गेली. दवाखान्यात कळलं नव्हतं. माणसं भेटायला आली तेव्हा नाही. मुलगी रडत होती तेव्हा तिला ते "गप, गप, होईल सगळं" म्हणत होते, कशाबद्दल म्हणतोय हे नीटसं न कळता. आता फळी पडली आणि कळलं. त्यांनी फळीचं ते टवका उडालेलं टोक तळहाताने झाकून धरलं.

मग मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, खरं यंत्र असतं तर फळी पात्यात अडकून उलटी आली असती. बोटं गेली असती, किंवा छातीत बसली असती."

"हो."

"करवतीच्या मागे टेबल लागतं. कापलेलं लाकूड त्यावर सरकत जातं. हे तुम्ही मला शिकवलंत. माझ्या कारखान्यात आहे. इथे कसं नाही?"

"तिथे ती असते," मिस्त्री म्हणाले.

लग्न झाल्यापासून ती तिथे उभी राहत आली होती. फळी ओढायची नाही, फक्त तोलायची, हे ती पहिल्याच दिवशी शिकली. त्यामुळे टेबल कधी केलंच नाही. जागा मांडताना तिलाही सुचलं नाही आणि त्यांनाही नाही. कारण आपण स्वतः जिथे उभे राहतो तिथे कुणी पुठ्ठा मांडत नाही.

"मग हे असं चालायचं नाही," मेव्हणा म्हणाला. "पुठ्ठे उचलावे लागतील. कामाचं टेबल खिडकीपासून हलवून करवतीच्या मागे घ्या. म्हणजे एका टेबलात दोन कामं. कापताना लाकूड झेलेल, नंतर त्यावरच जोडणी. खिडकीत पॉलिश. रंधा या भिंतीला."

"पुठ्ठ्यांना हात लावायचा नाही."

"पुठ्ठे आहेत, भाऊजी. काळ्या दगडावरची रेघ नाही."

"तिचं चुकलं म्हणतोस?" मिस्त्रींचा आवाज चढला. "तुझ्या बहिणीचं चुकलं?"

"कोण म्हणतं चुकलं?" मेव्हण्याचाही आवाज चढला. "ताईने दोघांचं मांडलं. दोघांचं म्हणून एकदम बरोबर आहे, एक पाऊल वाया जात नाही. आता एकाचं मांडायचंय. ते तिने मांडलेलंच नाही, तर चुकेल कसं?"

मग तो उठला आणि दाराशी गेला. "नसेल जमत तर सांगा. मी पोरीला फोन करतो. यंत्रं नेतो. मला तेही जड जाईल, पण नेईन. तुमची बोटं तुटलेली ऐकायला मी थांबणार नाही. एक माणूस गेलंय, तेवढं पुरे."

मिस्त्री बसून राहिले. रंध्याच्या यंत्राचा पुठ्ठा त्यांच्या गुडघ्याशी होता. कडेला तिने कात्रीने काप मारताना हात घसरला होता, तिथे एक कोपरा वाकडा होता. "राहू दे, यंत्राला काय कळतंय," असं ती म्हणाली होती.

त्यांनी तो पुठ्ठा उचलला. खालची फरशी स्वच्छ होती. भोवती माणसांच्या पायांची धूळ होती.

मग दोघांनी मिळून सगळे पुठ्ठे हलवले. कामाच्या टेबलाचा पुठ्ठा मेव्हण्याने करवतीच्या पुठ्ठ्याला चिकटवून ठेवला. त्यावर आणखी दोन स्टुलं आडवी-उभी रचली आणि वर एक पाट बांधला, करवतीपेक्षा सुताएवढा खाली. "वर राहिला तर फळी अडेल," तो म्हणाला. मिस्त्री म्हणाले, "मला शिकवतोस?" आणि मेव्हणा म्हणाला, "आज शिकवून घ्या. पुन्हा संधी मिळायची नाही मला."

मिस्त्रींनी पुन्हा फळी उचलली. वळले, ठेवली, ढकलली. फळी अर्धी गेली, अर्ध्याहून जास्त गेली, पाटावर टेकली आणि सरकत पुढे गेली. कुणी धरली नाही. पडली नाही.

मेव्हण्याने भाचीला फोन लावला. "चालेल," तो म्हणाला. "बाबा एकटे करतील. पण माझी एक अट आहे. मागचं टेबल तयार होईस्तोवर करवतीला वीज जोडायची नाही. कारखान्यातलं जुनं टेबल करवतीपेक्षा चार बोटं उंच आहे, ते कामाचं नाही. नवं लागेल." पलीकडून मुलगी म्हणाली, "बाबांना म्हणावं, लवकर करा."

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याची माणसं आली आणि यंत्रं आत बसली. करवत, रंधा, ड्रिल, सगळं नव्या मांडणीप्रमाणे. घडवंची भरून झाली. भुसा ओढायचा पाइप जोडून झाला. खिडकीत पॉलिशचे डबे लागले. टेबलासाठी लाकूड निवडून बाजूला ठेवलं आहे. हातकरवतीला धार लावून झाली आहे. उंची कळली आहे. लांबी-रुंदी घ्यायची, तर करवतीच्या मागे जाऊन उभं राहावं लागतं. मिस्त्री अजून तिथे उभे राहिलेले नाहीत.

टेबल व्हायचं आहे.