डोळ्याखालचा भोवरा

…दाढीचे पाते अजून कागदातच होते. निळसर मेणकागदाची ती घडी एका कोपऱ्यात किंचित उकललेली, आणि त्या उकललेल्या जागेतून पोलादाची एक बारीक रेघ सकाळच्या उन्हात सोयराबाईंकडे किलकिल्या डोळ्याने पाहत होती. शेजारी वाटीत हळद कालवलेली. दोन्ही वस्तू मल्हाररावांनी, म्हणजे त्यांच्या धाकट्या दिरांनी, तबेल्याच्या कोनाड्यात ठेवल्या होत्या. गुपचूप ठेवल्या होत्या, आणि तरीही वहिनींना प्रथम दिसतील अशाच जागी ठेवल्या होत्या.

‘वहिनी, चार केसांचा तर प्रश्न आहे,’ काल जेवताना ते म्हणाले होते. ‘केस गेले की भोवरा कुठला? वर हळद लावू. उद्या नोंदीला येणाऱ्या डॉक्टरनं विचारलं तर म्हणायचं, माशी चावली, घोडीनं खुंटाला घासून घेतलं.’

‘आणि पुन्हा केस आले म्हणजे?’

‘तोवर ती आपल्या दारात कुठे असणार?’

तोवर चंपा इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बाजूस फार्महाऊस बांधणाऱ्या एका गृहस्थाच्या दारात असणार होती. त्या गृहस्थाला जातिवंत घोडी हवी होती, देशी घोड्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या कागदासह हवी होती, आणि डोळ्याखाली भोवरा नसलेली हवी होती. पहिली अट चंपा पुरी करीत होती, दुसरी आज पुरी व्हावयाची होती. चारही पाय घोट्यापर्यंत शुभ्र, कपाळावर शुभ्र पट्टा… पंचकल्याणी म्हणून जिचे पाय धुवावेत अशी ती घोडी. परंतु उजव्या डोळ्याखाली, अश्रू जिथून ओघळावा नेमक्या त्या ठिकाणी, केसांचा एक भोवरा स्वतःभोवती फिरलेला. आसूढाळ. जाणती माणसे हा शब्द आवाज उतरवून उच्चारतात. अशी घोडी मालकाला खाते, आणि मागे घरात रडणे ठेवते, असे म्हणतात.

पिराजींनी, सोयराबाईंच्या यजमानांनी, घोडी घेताना बाजारात तो भोवरा पाहिला नव्हता असे नाही. पाहिला, हसले, आणि व्यापाऱ्यादेखत म्हणाले, ‘गालावर तीळ असलेली बाई काय वाईट दिसते?’ सोयराबाईंच्या गालावर तीळ होता. तो विनोद होता, की प्रेम होते, की व्यापाऱ्याला ऐकवून भाव पाडण्याची युक्ती होती… पिराजींच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून कधी सोडवता येत नसत. वर्ष सरण्यापूर्वीच त्यांना कावीळ झाली. डॉक्टरचे औषध त्यांनी गटारात ओतले, कुणा वैदूची मुळी गळ्यात बांधली, वरातींना घोडी पुरविण्याचा धंदा म्हणून लग्नाच्या हंगामात पिवळ्या डोळ्यांनी वरातीमागे चालत राहिले, आणि गेले. मरणाला एवढी कारणे हात जोडून उभी असताना लोकांनी बोट दाखविले ते मात्र बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठचे गवत चघळीत उभ्या असलेल्या त्या मुक्या जनावराकडे. त्यानंतर चंपेला एकही वरात मिळाली नाही. बनशंकरीच्या देवळात ओळखीच्या बायका विचारीत, ‘अक्का, अजून ठेवलीय ती?’ आणि सोयराबाई उत्तर देत, ‘ठेवलीय. तुम्हाला हवी का?’

हे उत्तर त्यांना आवडत असे. ते देताना आपली मान आपोआप ताठ होते, हेही त्यांना ठाऊक होते.

मल्हारराव दात घाशीत अंगणात आले तेव्हा सोयराबाईंनी ते पाते उचलले आणि त्यांच्या तळहातावर ठेवले. ‘भावोजी, तुमची दाढी राहिलीय वाटतं.’

मल्हाररावांनी गालावरून हात फिरविला. ‘थट्टा करता. माझी पोरं याच घरात झोपतात, वहिनी.’

सोयराबाईंनी हळदीची वाटी पालथी केली.

संस्थेचे डॉक्टर पद्माकर रिक्षातून उतरले. मूळचे पुण्याचे, पशुवैद्यकातून निवृत्त झालेले, मुलीकडे राहण्यास इकडे आलेले. सोयराबाईंचे मराठी ऐकून त्यांना मनापासून आनंद झाला. ‘या कानडी शहरात माझ्याशी मराठी बोलतात ते घोडेवालेच,’ ते म्हणाले. ‘घोडी कुणाची?’

‘आमचीच की. माझीच म्हणा,’ मल्हारराव पुढे झाले. ‘भावाच्या माघारी सगळं मीच बघतो.’

माझीच म्हणा… सोयराबाईंनी चंपेकडे पाहिले. रोज पहाटे अंग घासण्याचा खरारा कुणाच्या हातात असतो, पायाला ठेच लागली तर पाला कोण बांधतो, हे चंपेने सांगावयाचे होते, आणि ती तर कान टवकारून रिक्षाकडे पाहत होती.

डॉक्टरांपाशी एक मोठा कागद होता. त्यावर घोड्याची रिकामी आकृती छापलेली, डाव्या बाजूची, उजव्या बाजूची, समोरून तोंडाची. अंगावरचे पांढरे ते तांबड्या पेन्सिलीने दाखवीत, आणि भोवरा असेल तिथे काळी फुली काढीत. कपाळावर एक फुली पडली. मानेच्या दोन्ही अंगांना एकेक पडली. सोयराबाई पाहत राहिल्या. ज्या गोष्टीसाठी माणसे आवाज उतरवतात, ती इथे नुसती फुली होती. ही घोडी हीच, दुसरी कुणी नव्हे, एवढेच सांगणारी. त्यांना वाटले, हेच तर मी इतके दिवस म्हणत होते, फक्त मला ते असे काढून दाखविता येत नव्हते.

मग डॉक्टर उजव्या बाजूस गेले, आणि पेन्सिल थांबली.

‘बाई, एक सांगू?’ त्यांनीही आवाज उतरविला. ‘ही एक फुली नाही काढली तरी चालेल. बाकीच्या खुणांवरून ओळख पटते. बहुतेक लोक सांगतातच, तेवढं सोडून द्या म्हणून.’

‘आणि तुम्ही सोडता?’

‘मला घोडं ओळखायचं असतं. माणसांशी कशाला भांडू?’

खांबाला टेकलेल्या मल्हाररावांनी मोठ्या आशेने श्वास सोडला.

‘मग ती आमची चंपा नाही,’ सोयराबाई म्हणाल्या. ‘दुसरीच कुठली तरी घोडी लिहाल तुम्ही. ही लिहायची असेल तर सगळी लिहा.’

डॉक्टरांनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिले. ‘बरं. मान हलवतेय ती. जरा या बाजूला या, आणि तिथले केस बोटानं दाबून धरा.’

त्या वळसा घालून गेल्या. हात वर केला… आणि हात तिथेच राहिला. कारण त्यांच्या ध्यानात आले, की या जागेला आपले बोट कधी लागलेले नाही. घोड्याला डावीकडून धरावे असा रिवाज आहे, म्हणून मी डावीकडे उभी राहते, असे त्या समजत आल्या होत्या. खरारा डोळ्याजवळ आला की मनगट वळे; डोळा नाजूक असतो म्हणून, असे त्या समजत आल्या होत्या. साऱ्या देवळाला ताठ मानेने उत्तरे दिली मी, आणि या रुपयाएवढ्या जागेला मात्र… म्हणजे मीही? त्या बायकांसारखीच? की त्यांच्याहून अधिक, कारण त्या निदान बोलून मोकळ्या होतात?

बोट टेकले. केस ऊबदार होते, आणि बोटाखाली खरोखरच गोल फिरत होते. चंपेने पापणी मिटली, उघडली. फुली पडली.

‘आता मालकाचं नाव,’ डॉक्टर मल्हाररावांकडे वळले. ‘तुमचंच ना?’

मल्हारराव खांबापासून सरळ झाले. ‘माझं… म्हणजे कसं, घोडी मुळात भावाची. भावाचंच घाला.’

‘गेलेल्या माणसाच्या नावानं नोंद होत नाही.’

‘मग घराचं घाला.’

‘घराला सही करता येत नाही हो.’

सोयराबाईंना हसू यावयास हवे होते. त्याऐवजी त्या म्हणाल्या, ‘माझं लिहा. सोयराबाई पिराजी मोहिते.’

‘वहिनी, थांबा,’ मल्हारराव म्हणाले. ‘नीट विचार करा.’ त्या आवाजात घोडीचा सौदा नव्हता, फार्महाऊस नव्हते. त्यात केवळ काळजी होती, लहान दिराची, खरी, आणि म्हणूनच ती एखाद्या तापासारखी थेट अंगात शिरली.

‘विचार करूनच सांगते.’

हे खोटे होते. विचार आता कुठे सुरू होत होता. घोडी मालकाला खाते हे सगळे खोटे असेल, तर एका नावाने काय बिघडणार आहे. आणि खरे असेल… खरे असेल तर ते या वेळी माझ्या नावाने येईल, दिवसाढवळ्या, आणि मी दारातच उभी असेन. अहो, तुम्हाला नेणाऱ्या त्या काविळीला मी काही विचारू शकले नाही. याला विचारीन. त्यांची मान ताठ झाली नव्हती. भीती वाटत होती, जशी इतरांना वाटते तशीच, केवळ आता ती त्यांना कुणापासून लपवावयाची नव्हती. बोट अजून भोवऱ्यावरच होते, आणि ते काढण्याची त्यांना घाई वाटत नव्हती.

डॉक्टरांनी पेनाचे टोपण काढले, आणि थांबून त्यांच्याकडे पाहिले.

‘लिहा,’ त्या पुन्हा म्हणाल्या, किंचित मोठ्याने. आणि हे आपण डॉक्टरांना सांगत आहोत, की स्वतःलाच, ते त्यांना उमगले नाही.