माझ्या शिंगांच्या शेंब्या आणि पडद्यावरची सावली

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. मी वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे नावाच्या गावातल्या एका घरातला जुना लाकडी नंदी आहे. अण्णाजी सुताराने मला एका मोडक्या बैलबंडीच्या सागवानी फळ्यांतून घडवलं. घडवताना तो सारखा एक डोळा मिटून माझ्याकडे बघायचा. हा माझं काय वाकडं शोधतोय, असं मला वाटायचं. तेव्हापासून ही खोड जडली ती जडलीच.

चंद्रभान नावाच्या शेतकऱ्याने मला आपल्या मुलासाठी, सचिनसाठी बनवून घेतलं होतं. पोळ्याला खरे बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला आम्ही चाकांवरचे बैल. पोरं आम्हाला दोरीने ओढत दारोदार नेतात, घरोघरच्या बाया आम्हाला ओवाळतात आणि पोरांच्या हातावर बोजारा ठेवतात, म्हणजे खाऊ किंवा एखादं नाणं. सचिनच्या लहानपणी माझा काय थाट होता म्हणून सांगू! माझ्या शिंगांच्या टोकांवर पितळी टोप्या होत्या. आमच्याकडे त्यांना शेंब्या म्हणतात. त्या उन्हात अशा चमकायच्या की लोक आधी शेंब्या बघायचे आणि मग मला. सचिन मोठा झाला आणि मी कपाटावर जाऊन बसलो. धूळ साचली. एका पालीने माझ्या पोटाखाली मुक्काम ठोकला, तिच्यावरही माझा विश्वास नव्हता.

पुढे सचिनची मुलगी अंकिता आणि तिचा धाकटा भाऊ कार्तिक यांचं राज्य आलं. कपाटासमोरच टीव्ही होता, त्यामुळे पोरं जे बघत तेच मीही बघत असे. त्यांचा सगळ्यांत आवडता कार्यक्रम होता ‘पंचतेज’. पाच वीर, पाच रंगांचे पोशाख, आणि रोज संध्याकाळी एक राक्षस. पुढारी होता अंगार. अंगारला आई होती, कुत्रा होता, पाण्याची भीती होती, मध्येच त्याला रडूही यायचं. बाकीच्यांचं काय विचारता? एक फक्त दगड उचलायचा, दुसरा फक्त पळायचा, तिसरा फक्त हसवायचा. आणि पाचवी होती सावली. राखाडी पोशाख, अर्धा चेहरा झाकलेला. तिचं एकच वाक्य असायचं, “मी मागून येते.” ती राहते कुठे, जेवते काय, तिला कोणी घरचं आहे की नाही, काही म्हणजे काही कळत नसे.

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. एवढं लपवतात म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय! ही पोरगी राक्षसाची हेर असणार. पोरांनाही तेच वाटत होतं. शेजारचा रोशन तर छातीवर हात मारून सांगायचा, “पाहजो, शेवटच्या भागात सावलीच फितूर निघन!”

मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याला पंचतेजच्याच वेशात जायचं असं गल्लीतल्या पोरांनी ठरवलं. रोशन अंगार झाला, हे ओघानेच आलं. अंकिता, कार्तिक आणि स्वीटी यांनी मधले तिघे वाटून घेतले. सावली व्हायला कोणी तयार होईना. मग ती भूमिका रक्षाच्या गळ्यात पडली. रक्षाचं कुटुंब गल्लीत नवीनच आलं होतं. तिचा बाप अमर कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता आणि आई रुखमा गल्लीतल्याच कोकिळाकाकूंच्या शेतात निंदायला, म्हणजे तण काढायला जायची. घरात ते गोंडी बोलत. रक्षा चारचौघांत फारसं बोलत नसे. तिच्या खिशात नेहमी चिंचेची बुटुकं, म्हणजे शेंगा असायच्या. बाकी तिच्याविषयी कोणाला काही ठाऊक नव्हतं, आणि कोणी विचारलंही नव्हतं.

पोळ्याला आठवडा उरला असताना मला कपाटावरून खाली उतरवलं. धुतलं, घासलं, अंगणात उभं केलं. अंगाला नवा रंग देताना तो डोळ्यांत उडू नये म्हणून अंकिताने माझ्या डोळ्यांवर वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवले. संशयी जिवाचे डोळे झाकले तर त्याचं काय होत असेल? दिवसभर मी कानात प्राण आणून उभा होतो. संध्याकाळी पोरं हात धुवायला पांगली. तेवढ्यात कोणीतरी जवळ आलं. चिंचेचा आंबट वास आला. दोन्ही शिंगांना हिसका बसला आणि ती एकदम हलकी झाली. माझ्या शेंब्या गेल्या!

चिंचेचा वास. मला आणखी कुठला पुरावा हवा होता?

दुसऱ्या दिवशी पोरांच्या लक्षात आलं आणि त्यांची पाचावर धारण बसली.

“आईले सांगू नको बरं,” अंकिता कुजबुजली. “चंद्रभानआबानं घेतलेल्या शेंब्या आहेत त्या. माय मले फाडून खाईन.”

“सांगतो कशाले? चोर आपल्यातच आहे,” रोशन म्हणाला आणि सरळ रक्षाकडे वळला. “सावली कोण आहे सांग. फितूर! म्हणूनच तर हे काई बोलत नाई कधी.”

“मी नाई घेतल्या,” रक्षा म्हणाली.

“मंग घरी तुमी लोकं कोणत्या भाषेत बोलून राह्यता? आमाले समजू नये म्हणूनच ना?”

रक्षाने सावलीच्या वेशाची राखाडी ओढणी काढली, घडी घातली आणि माझ्या पाठीवर ठेवून निघून गेली. ती पळाली नाही की रडली नाही. पाहा, डोळ्यांत पाणीसुद्धा नाही, म्हणजे हिनेच घेतल्या, असं मी मनाशी म्हटलं. रडली असती तर नाटक करते म्हणालो असतो.

रोशन एवढ्यावर थांबला नाही. गल्लीत घरोघरी सांगत सुटला, “रक्षाचा हात चांगला नाई.” काय चोरलं ते मात्र बोलला नाही, कारण ते अंकिताच्या आईच्या, प्रमिलाबाईंच्या कानावर गेलं असतं. अर्धवट गोष्ट जास्त पसरते. ऐकणारा उरलेली आपल्या पदरची घालतो. कोकिळाकाकूंनी अंगणातली भांडी आत नेली आणि रुखमाला निंदायला बोलावणं बंद केलं. रुखमा रोज सकाळी विळा घेऊन दारात उभी राहायची. बाकीच्या बाया तिच्या समोरून शेतात जायच्या.

पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी पंचतेजचा शेवटचा भाग होता. रक्षा सोडून सगळी पोरं टीव्हीसमोर जमली. माझे डोळे तोवर मोकळे झाले होते. मीही श्वास रोखून बघत होतो. आता सावली मुखवटा काढणार आणि आपलं म्हणणं खरं ठरणार! राक्षस आला, महाल कोसळला, अंगार आपल्या आईच्या गळ्यात पडला. सावली एका कोपऱ्यात उभी होती. म्हणाली, “मी मागून येते.” आणि गाणं लागलं. संपलं.

पोरं बघतच राहिली.

“हे काय बे?” रोशन म्हणाला. “फितूर नाई निघाली? मंग होती कोण ते?”

“कोणीच नाई,” अंकिता हळूच म्हणाली. “तिच्याबद्दल त्यायनं काई विचारच नाई केला वाटते.”

माझ्या लाकडात कळ उठली, मित्रांनो. इतके महिने मी ज्याला गुपित समजत होतो, तो लिहिणाऱ्याचा नुसता आळस होता!

तेवढ्यात धाकटा कार्तिक म्हणाला, “मंग रक्षानं शेंब्या काऊन चोरल्या?”

स्वयंपाकघरातून प्रमिलाबाई बाहेर आल्या. “कोणत्या शेंब्या?”

अंकिताने माझ्याकडे बोट दाखवलं. प्रमिलाबाई आत गेल्या आणि देवघरातून एक वाटी घेऊन आल्या. वाटीत माझ्या दोन्ही शेंब्या होत्या, नव्या नवरीसारख्या झळझळीत.

“समईसोबत चिंचेनं घासून ठेवल्या होत्या मी. रंगाच्या हातांनी काळ्या करून टाकल्या होत्या तुमी. एवढा शोध लावला, पन मले विचारावं असं एकालेही नाई वाटलं?” मग त्यांच्या ध्यानात आलं. “रोशन, तू गल्लीभर जे सांगून राह्यलता, ते ह्याच्यासाठी?”

रोशनची मान खाली गेली. मला तर मान खाली घालायचीही सोय नाही. अण्णाजीने ती ताठच करून ठेवली आहे. चिंचेच्या वासावरून मी एका पोरीला चोर ठरवलं होतं, याची मला फार लाज वाटली.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी पोरांनी मला ओढत रक्षाच्या दारी नेलं. दारात रुखमा उभी होती, तिच्यामागे रक्षा.

“चुकलं आमचं,” अंकिता म्हणाली. “तू ये ना व. तुले अंगार व्हायचं असंन तर अंगार हो.”

रक्षा आईच्या मागून पुढे आली. मग म्हणाली, “मले अंगार नाई व्हायचं. मी येतो, पन एक करा लागन. ज्या ज्या घरी रोशननं सांगितलं, त्या घरी बोजारा घ्यायच्या आधी त्यानंच म्हनाचं, रक्षानं चोरी नाई केली. आमची चूक झाली.”

“सगळ्याइच्या समोर?” रोशनचा आवाज चिरकला.

“माह्याबद्दल तुनं सगळ्याइलेच सांगितलं ना?”

रोशनने मुखवटा डोक्यावर सरकवला आणि माझी दोरी उचलली. पहिल्या दारी त्याचा आवाज इतका बारीक निघाला की घरातल्या बाईने “काय म्हंतं?” असं दोनदा विचारलं. त्याला दोन्ही वेळा सांगावं लागलं. पुढच्या दारी तो स्पष्ट बोलला. रक्षा माझ्या शेजारून चालत होती, वेश न घालता, आपल्या रोजच्या फ्रॉकमध्ये.

शेवटी कोकिळाकाकूंचं दार आलं. रोशनने सांगितलं. ओवाळायचं ताट त्यांच्या हातात तसंच राहिलं. मग ते खाली ठेवून त्या रक्षासमोर पायरीवरच बसल्या.

“तुह्या मायले सांगजो, उद्या निंदाले ये म्हना. मी स्वतः बोलवाले येतो,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “तुमचं गाव कोणतं व बाई?”

रक्षाने आधी काकूंकडे नीट निरखून पाहिलं. मग सांगू लागली. कारंज्याकडे जंगलाच्या कडेला तिचं गाव आहे. तिचा आजा जंगलू पहाटे तिला मोहाची फुलं वेचायला नेतो. तिला बेडकांची भीती वाटते आणि अस्वलाची मुळीच वाटत नाही. आजीला फक्त गोंडी येते, म्हणून घरी सगळे गोंडी बोलतात. काकू विचारत गेल्या, ती सांगत गेली. मागची मिरवणूक खोळंबली. रोशन माझी दोरी धरून उभा होता आणि तोंड उघडं टाकून ऐकत होता.

मित्रांनो, ज्याची गोष्ट ठाऊक नाही असं कोणीतरी तुमच्याही गल्लीत असेल. त्याच्यावर संशय घेत बसू नका, जाऊन विचारा. मला ते जमणार नाही, माझं तोंड रंगाने काढलेलं आहे. तुमचं तसं नाही.