मुळांच्या खालचं पाणी

आबांचा हिशेब सरळ होता. कुरणात पाय घोट्यापर्यंत रुतला, म्हणजे गवताला पाणी पोचलं. गायींचं हे कुरण त्यांनी जन्मभर असंच भिजवलं, आणि त्याचा ताठा केवढा! सुनेनं हौसेनं फवारे बसवले, तर तेही आबा दिवसभर चालू ठेवत.

मग कुरणाच्या उतारावरच्या, घरच्या पिण्याच्या विहिरीचं पाणी तपासून आलं. शेण-मूत आणि गवताला टाकलेला युरिया झिरपून विहिरीत उतरला होता. तान्ह्या बाळाला हे पाणी थेंबभरसुद्धा नको, असं डॉक्टरांनी बजावलं. नातीची दुधाची पावडर तर याच पाण्यात कालवली जायची.

"मी तिला घेऊन आईकडे जाते," सून म्हणाली. "बाहेरचं पाणी आणून किती दिवस भागवायचं?"

आबांच्या पायाखालची जमीन सरकली. नात म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण कबूल करतील तर ते आबा कसले!

"कुरण कुठं, विहीर कुठं! माझ्या पाण्यावर खापर फोडू नकोस."

सुनेनं फावडं घेऊन भिजल्या कुरणात कमरेइतका खड्डा खणला आणि आबांना आत उतरवलं. मुळं वीतभरातच संपली होती. ओल मात्र तळापर्यंत होती.

"मुळं इथवर पितात, आबा. त्याखालचं पाणी खत घेऊन कुठं जातं?"

आबांनी तळाची चिंब माती हातात घेतली.

"म्हणजे मीच की गं तिला..."

सून गेली ती गेलीच. आबा मात्र आता सुधारण्याच्या हट्टाला पेटले. रोज खुरप्यानं मुळांजवळची माती उकरायची, मुठीत दाबायची. गोळा बनला तर त्या दिवशी फवारे बंद. युरियाही हात आखडूनच.

"गवताला उपास घडवताय काय?" शेजारी चिडवायचे. आबा सोयीनं बहिरे व्हायचे. गवत काही मेलं नाही, मुळं तेवढी खोल गेली.

हिवाळा सरल्यावर त्यांनी पाणी पुन्हा तपासून घेतलं. खोटं बोलायचा मोह फार झाला, तरी सुनेला फोनवर त्यांनी खरं तेच सांगितलं.

"अजून पिण्याजोगं नाही, पोरी. पण दोष बराच उतरलाय."

"उतरतोय ना? मग आम्ही उद्याच येतो. तिच्यापुरतं पाणी बाहेरून आणू थोडे दिवस."

आबा फोन कानाला लावून जोरजोरात होकारार्थी मान हलवत राहिले.

"आबा? ऐकताय ना?"