मैदानातून उचललेला कोन

मित्रांनो, मी खेळाच्या मैदानावर खुणेसाठी मांडतात तसला एक जुना प्लॅस्टिकचा कोन आहे. कधीकाळी नारिंगी होतो, आता उन्हाने विटलो आहे. माझी उंची जेमतेम वीतभर. त्यामुळे मला मुलींचे चेहरे क्वचितच दिसतात, पण पाय अगदी जवळून दिसतात. त्या पायांसाठीच मी आज रागावलो आहे.

आम्ही बारा कोन एकाच साच्यातून निघालो आणि एकात एक बसून मुलींच्या या फुटबॉल संघाकडे आलो. तेव्हा मोठ्या बाई शिकवायच्या. त्या आम्हाला दोन रांगांत मांडायच्या. चेंडू पिशवीतच असायचा. मुली आमच्यामधून आधी चालायच्या, मग हळू धावायच्या, गुडघे वर उचलायच्या, आडव्या पावलांनी सरकायच्या. सुरुवातीला पावले जमिनीवर थपथप आपटायची. दहा-बारा मिनिटांनी तो आवाज हलका व्हायचा. मगच बाई चेंडू काढायच्या. खेळ संपल्यावर कुणी धपकन बसायचे नाही. हळू धावायचे, चालायचे, श्वास जागेवर आला की पाय ताणायचे.

"हे कोन माझे अर्धे काम करतात," असे बाई एकदा म्हणाल्या होत्या. एवढे कौतुक मला पुरले.

बाई निवृत्त झाल्या आणि नवे सर आले. पहिल्याच दिवशी त्यांनी घड्याळ पाहिले. "तासभर मैदान मिळतं, त्यात कवायती कसल्या करता? खेळता खेळता गरम होतं अंग!" अकरा कोन पोत्यात गेले. मला फाटकाबाहेर ठेवले. कशासाठी? सरांच्या गाडीची जागा दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून! सराव संपला की पालकांचे भोंगे वाजत आणि घामेजलेल्या मुली तशाच गाड्यांत कोंबल्या जात.

संघात एक लांब पायांची मुलगी होती. तिला सगळे टोळ म्हणत. मोठ्या संघाची निवड आमच्याच मैदानावर होती. थंड सकाळी टोळ पाऊण तास फाटकाजवळच्या बाकावर बसून होती. मग तिचे नाव पुकारले.

"सर, दोन फेऱ्या मारून येऊ?"

"निवडीचे पाहुणे खोळंबलेत. नखरे नकोत, पळ!"

तिसऱ्यांदा धावतानाच तिने मांडीची मागची बाजू धरली आणि ती खाली बसली. स्नायू फाटला होता. तिची आई तिला धरून फाटकापर्यंत आली, तेव्हा सर म्हणाले, "नशीब हो, दुसरं काय!"

नशीब? अंग तयार केले असते तर दुखापत झालीच नसती, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण जी काळजी पंधरा मिनिटांत घेता येते ती घ्यायची नाही आणि वर नशिबाला बोल लावायचा, हा कुठला न्याय? निवड हुकली ती सरांची नाही, टोळची.

सहा आठवड्यांनी ती परतली. फाटकाशी थांबली आणि तिने मला उचलले.

"अगं ए, माझी जागा आहे ती!" सर गाडीतून ओरडले.

"कोन संघाचा आहे, सर."

तिने पोते उलटे केले आणि दोन रांगा मांडल्या. सर तरातरा आले. "पंधरा मिनिटं फुकट जातील!"

"माझे सहा आठवडे गेले, सर."

एकेक करून बाकीच्या मुली तिच्या मागे उभ्या राहिल्या. बाहेर एक टेम्पो येऊन सरांच्या जागेत ऐटीत थांबला होता, तिकडेही त्यांनी पाहिले नाही. थोड्या वेळाने त्यांनी हातातला चेंडू पिशवीत परत ठेवला.

मित्रांनो, मी प्लॅस्टिकचा आहे. मला तडा गेला तर नवा कोन आणता येईल. तुमचे पाय कुठून आणाल? म्हणून कुणी घाई केली, तरी आधी अंग गरम करा आणि शेवटी सावकाश थंड होऊ द्या. आणि "वेळ नाही" असे कुणी मोठे माणूस म्हणाले, तर टोळसारखे शांतपणे रांगेत उभे राहा. चेंडूला थांबू द्या.