हलके महाराजांचा चोख काटा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. "उतरलं! तीन किलो उतरलं!" असं कुणी ओरडलं की टाळ्यांचा कडकडाट व्हायचा आणि हलके महाराज मान डोलवायचे. नाव लोकांनी ठेवलेलं; स्वतः महाराज चांगले सव्वाशे किलोंचे!

"चरबी म्हणजे साचलेलं दुःख. मी दुःख ओढून घेतो, चरबी आपोआप जाते. पोटभर खा, आणि चालू तर मुळीच नका. चाललं की चरबी घाबरते अन् हाडांत लपते!"

दाराशी उभ्या काटेवाल्याने कपाळावर हात मारला. वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. आज तो बायकोला न्यायला आला होता. तिचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. दहा किलो कमी करा, मगच ऑपरेशन, असं डॉक्टरीणबाईंनी दोन महिन्यांपूर्वी बजावलं होतं आणि उद्या पुन्हा बोलावलं होतं.

आणि बायको इथे आली कुणामुळे? त्याच्यामुळेच! महाराजांचा काटा तपासणीला त्याच्या दुकानात आला होता. "काटा अगदी चोख आहे हं," असं तो घरी बोलून गेला, अन् बायकोने दर आठवड्याची वारी धरली. खेपेला तीन किलो, म्हणजे आठ खेपांत चोवीस उतरले, अशी तिची समजूत. मग पुढच्या खेपेला आकडा पुन्हा वर कसा? "रस्त्यातली जड हवा चिकटते, बायांनो!" महाराजांचं उत्तर तयार.

तिचा नंबर आला. दाराजवळच्या फरशीवर वजन सत्त्याण्णव. मग अर्धा तास डोळे मिटून बसणं. मग शिष्याने काटा उचलून महाराजांच्या पायाशी, जाडजूड गालिच्यावर ठेवला. चौऱ्याण्णव!

काटेवाल्याला एकदम उलगडा झाला आणि स्वतःचीच लाज वाटली. त्याने तडक जाऊन काटा फरशीवर आणला. "चढ बरं." सत्त्याण्णव. गालिच्यावर चौऱ्याण्णव. फरशीवर पुन्हा सत्त्याण्णव.

"अहो, बघा!" तो ओरडला. "हा काटा वजन मोजतो ते त्याच्या चार पायांनी. गालिच्यात पाय रुतले की काट्याचं पोट खाली टेकतं, अन् थोडा भार परस्पर गालिच्यावर जातो. काटा खरा आहे, जागा लबाड आहे!"

"शंकेखोराचा हात लागला," महाराज शांतपणे म्हणाले. "शंकेइतकं जड काही नसतं." हशा पिकला. दोघा शिष्यांनी काटेवाल्याला दंड धरून बाहेर काढलं. बायको मान खाली घालून मागून आली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला. "दोन महिन्यांत ब्याण्णवचे सत्त्याण्णव? आता ऑपरेशन नाही करता येणार. खाल्लेलं खर्च झालं नाही की अंगावर साठतं, दुसरं काही नाही."

"चालता आलं असतं तर मी तिथे कशाला मरायला गेले असते?" बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवला. "ताटातलं थोडं कमी करा. खुर्चीत बसून हातपाय हलवा, झेपेल तेवढेच. महिन्याला दोन किलो उतरतील."

"म्हणजे सात-आठ महिने?"

"हो."

बाहेरच्या बाकावर तिला रडू कोसळलं. "तुमचं काल पटलं होतं हो मला. पण खोटं का होईना, आठवड्यातून एकदा मी हलकी व्हायचे."

काटेवाला तिच्या शेजारी टेकला. त्याच्याकडे खरं होतं, आणि त्याने तिचं दुखणं तसूभरही कमी होत नव्हतं.

म्हणून बाबांनो, घास न सोडता, हात न हलवता कुणी किलो उतरवून दिले, तर ते गेले कुठे, एवढं तिथल्या तिथे विचारा. लोक हसतील, हसू देत. टाळ्या वाजवून ते घरी जातात. सत्त्याण्णव किलो घेऊन इस्पितळाचा जिना त्या बाईलाच उतरावा लागला, एकेक पायरी, नवऱ्याचा खांदा धरून.